डॉक्टरांचं सुंदर स्पॅनिश

डॉक्टर लिंडग्रेन सहा आठवड्यांत स्पॅनिश शिकून आले आणि माझी नोकरी गेली.

एकोणीस वर्षं मी त्या दवाखान्यात इंग्रजी बोलणारे डॉक्टर आणि आमचे स्पॅनिश बोलणारे शेतमजूर यांच्यात दुभाषी होते. शिकून आल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "ग्रासिएला, कसं आहे माझं स्पॅनिश?" मला जेमतेम चार शब्द कळले होते. "डॉक्टर, आमच्या मुलखातले, मिचोआकानचेच वाटता," मी म्हणाले. कुणी हौसेनं आपली भाषा बोलत असेल तर त्याचं मन मोडायचं नाही, हे आमचं बाळकडू.

पेशंटही त्यातलेच. डॉक्टर बोलले की मान डोलवायची, "किती छान बोलता" म्हणायचं, आणि बाहेर येऊन मला विचारायचं, काय म्हणाले? मग ऑफिसनं फॉर्म भरून घेतले: डॉक्टरांचं बोलणं कळतं का? झाडून सगळ्यांनी 'हो' लिहिलं. मला केक कापून निरोप दिला.

आता मी दवाखान्यासमोरच्या पार्किंगमध्ये मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले विकते. गिऱ्हाईक तेच. तमाले घेतात आणि डॉक्टरांनी दिलेला इंग्रजी कागद पुढे करतात. मी वाचून सांगते.

लेट्युस कापणाऱ्या एफ्राइनच्या पोरीची मी धर्ममाता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो. साखरेच्या आजारानं त्याच्या पायाला जखम झाली. तो दाखवायला आला त्या दिवशी मी नेमकी नातीच्या बाप्तिस्म्याला गेलेली. कागद त्याच्या खिशातच राहिला. पंधरा दिवस पायावर भार द्यायचा नाही, असं त्यात होतं. हा दुसऱ्याच दिवशी शेतात उभा. शेवटी पायाची करंगळी कापावी लागली.

"परत विचारायला काय झालं होतं तुला?" मी भडकले.

"कोमाद्रे, त्यांनी माझ्या आईचीसुद्धा चौकशी केली. अशा माणसाला काय सांगू, तुमचं काही कळत नाही म्हणून?"

"आईचं विचारलेलं बरं कळलं."

"तेवढंच कळलं."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. पहिली थाप मीच मारली होती.

"शुक्रवारी तोंडावर सांगायचं," मी दम भरला. "आता अख्ख्या पायाचा प्रश्न आहे. भीडभाड घरी ठेवून जा."

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून लंगडत आत गेला. मला आत जायची आता परवानगी नव्हती. अर्धा तास मी दाराकडे बघत बसले, दोन गिऱ्हाइकांना चुकीची चटणी दिली.

"सांगितलं?" तो येताच मी विचारलं.

"सांगितलं. टोपी काढून म्हटलं, डॉक्टर, माफ करा, तुमचं स्पॅनिश मला अजिबात समजत नाही."

"मग?"

"खूश झाले. माझा हात धरून आभार मानले. फॉर्मवर 'हो'ची खूणही त्यांनीच केली."

"आणि पायाचं?"

"पायाचं पुष्कळ सांगितलं." त्यानं घडी केलेला कागद माझ्यापुढे धरला. "बोलतात मात्र छान, कोमाद्रे."