सतरावा माणूस

कापडाच्या गोदामाला अकराला आग लागली आणि बाराच्या आत हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीपुढे झुंबड उडाली. खिडकीमागे वहिनी बसायच्या. सगळं हॉस्पिटल त्यांना वहिनीच म्हणे, अगदी वीस वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा.

वहिनींचा हात लिहीत होता, पण कान दाराजवळच्या हवालदाराकडे होते. तो कुणाला तरी सांगत होता, की कामावर सतरा जण होते, सोळा सापडले, एक म्हातारा शिंपी आत राहिलाय. त्याच्यासाठी अग्निशमन दलाचे तिघे पुन्हा आत शिरलेत, आणि छपराचा काही भरवसा नाही.

वहिनींनी नोंदवहीची मागची पानं उलटली. मघाशीच एका भाजीवाल्याने टेम्पोतून एका म्हाताऱ्याला आणून सोडलं होतं. धुराने घुसमटलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. 'अनोळखी' असं त्यांनीच लिहिलं होतं. गळ्यात मापाची फीत होती.

वहिनी वॉर्डात धावल्या. गोदामातले शिंपी का, असं विचारल्यावर म्हाताऱ्याने मास्कआडून मान हलवली. हो की नाही, धड कळेना.

अग्निशमन दलाचा फोन लागेना. पोलीस कंट्रोलने सांगितलं, रुग्णांची माहिती हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी लेखी कळवायची असते. अधीक्षक मीटिंगला गेलेले. हवालदाराच्या वॉकीटॉकीवर दलाची माणसं येतच नव्हती. वहिनी रडकुंडीला आल्या. तेवढ्यात आवारात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दिसला. त्याचा जोडीदार दुसरी गाडी घेऊन गोदामापाशीच उभा होता. वहिनींनी ड्रायव्हरला त्या जोडीदाराला फोन लावायला लावला आणि जोडीदाराला तो फोन दलाच्या साहेबांच्या हातात द्यायला सांगितलं.

"कोण बोलतंय?" पलीकडून घोगरा आवाज आला.

"हॉस्पिटलमधली क्लार्क. तुमचा सतरावा माणूस आमच्याकडे आहे. आत गेलेल्यांना बाहेर बोलवा."

"खात्री आहे?"

चूक झाली, तर एक जीव आत जळेल आणि तो आपल्या शब्दाने.

"आहे," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने हवालदाराने सांगितलं, की छप्पर बसलं. तिघे जेमतेम बाहेर पडले होते, एकाचा हात भाजला होता. तरी वहिनींच्या जिवात जीव आला नाही. दुपारी चारला म्हाताऱ्याला आवाज फुटला. त्याने नाव सांगितलं, गोदामाचं सांगितलं, तेव्हा कुठे त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी त्यांच्याकडे, न विचारता माहिती कळवल्याबद्दल, लेखी खुलासा मागितला. तो वाचून झाल्यावर मात्र चष्मा काढून हळूच विचारलं, "दलाच्या त्या साहेबांचा नंबर आहे का हो तुमच्याकडे? नोंदणी खिडकीपाशी लिहून ठेवू."