गाडीच्या कानटोप्या

शिंप्याची जुनी व्हॅन चढाला लागली की तापायची. इंजिन मागच्या बाजूला आणि त्यात पाण्याचा थेंब नाही, गार व्हायचा सगळा कारभार वाऱ्यावर. तेलाचा लाल दिवा लागला की शिंपी गाडी कडेला घ्यायचा, मागचं झाकण उघडायचा आणि पुठ्ठ्याने इंजिनाला वारा घालत बसायचा. त्याची बायको, दवाखान्यातली नर्स, कपाळाला हात लावायची.

आज तिने निक्षून सांगितलं होतं, "लेकीला होस्टेलवर सोडायचंय. एकदाच काय ते थांबा, पण दुसऱ्यांदा थांबली तर सोमवारी गाडी विकत मागणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला चावी देऊन मोकळं व्हायचं." लग्नाआधीपासून शिंप्याचा जीव होता त्या गाडीवर.

अर्ध्या चढावर दिवा लागलाच.

"झालं!" म्हणत नर्सबाई उतरल्या. "मेकॅनिककडे कशी हो ही शहाण्यासारखी वागते?"

"तेच तर! चारदा तपासली त्याने. दोष नाही म्हणतो."

"मग हिला श्वास कुठून मिळतो, ते तरी दाखवा."

शिंप्याने मागच्या खिडक्यांच्या बाजूच्या पट्ट्या-पट्ट्यांच्या फटी दाखवल्या. बाईंनी तिथे हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे कापड कसलं?"

"कानटोप्या," शिंपी अभिमानाने म्हणाला. "धुळीपासून जपा, असं मेकॅनिक म्हणाला होता ना. रंग बघ कसा जुळवलाय, कळतसुद्धा नाही. आतून अस्तर आहे."

"आणि त्याच्याकडे नेताना?"

"मळक्या कशा न्यायच्या? काढून धुवायला टाकतो. मग इस्त्री करून परत लावतो."

बाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अहो, पेशंटच्या नाकावर उशी दाबायची आणि डॉक्टरकडे नेताना तेवढी काढायची! धन्य आहे तुमची!"

लेकीने टोप्या ओरबाडायला हात घातला. "हळू गं, शिवण उसवेल!" शिंपी कळवळला. त्याला खरोखरच वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याला त्याला झाकत आला, रिमोटला, मिक्सरला, स्कूटरला. माया करायची त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

शेवटी त्यानेच टोप्या सोडवल्या आणि इंजिन निवल्यावर तिघं निघाले. दिवा काही पेटला नाही. नेहमी तीनदा थांबावं लागायचं आणि प्रत्येक थांब्यावर तिघं डबा उघडून गप्पा मारायची. आज गाडी सुसाट वर गेली आणि दीड तास आधीच होस्टेलच्या दारात उभी राहिली. लेकीने बॅगा उतरवल्या, दोघांना घट्ट मिठी मारली आणि पळत जिना चढून गेली. तिच्या मैत्रिणी वाट बघत होत्या.

शिंपी स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा," बाई हळूच म्हणाल्या.

"बरं."

गाडी फाटकाबाहेर पडली. वळणावर बाईंनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "अहो, इथेच थांबू या का थोडं? इंजिन गार होईल."

"अगं, तापलंय कुठे?"

"तापलंय असं म्हणतेय का मी?"

शिंप्याने गाडी कडेला घेतली.