आवाजाची चंद्रकळा

कॅसेटच्या फितीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. आवाज मंद बाजूवर असतो. सांगलीच्या प्रदर्शनात सईने विणवून घेतलेल्या चंद्रकळेचा पदर मी उलटा करून पाहिला, तेव्हा बोटाला तपकिरी भुकटी लागली.

सई माझी नणंद. तिच्या कला महाविद्यालयाने टाकाऊ वस्तूंतून जुनी वस्त्रं घडवली होती. एक्स-रेच्या फिल्मचा अंगरखा होता, हळदीच्या पोत्यांची पगडी होती. पण गर्दी होती ती चंद्रकळेपुढे. उभे धागे सुती आणि आडवी सगळी कॅसेटची फीत. दिव्याखाली ती खऱ्या रेशमापेक्षा काळी दिसत होती.

मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळच्या एसटीने साताऱ्याहून आलो होतो. वाटेत कऱ्हाडला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोयनेचं काय ठरलं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "बघू." कोयनानगरच्या भूकंपमापन केंद्रात मला जागा मिळत होती. किल्लारीनंतर नवी यंत्रं आली होती आणि ती वाचायला माणसं हवी होती. दिवाळीपासून मी बघूच म्हणत होते. अडचण टेपरेकॉर्डरची होती. सोबत नेला, तर आई पुष्करला कशावर ऐकणार? आणि ठेवून गेले, तर मी कशावर?

पुष्कर माझा नवरा. कुंभार्ली घाटात त्याची जीप कोसळली, त्याला अडीच वर्षं झाली. मागे राहिल्या त्याच्या आवाजाच्या तीन कॅसेटी. त्यांत तो भाजीवाल्याची नक्कल करायचा, आईला "शकू, चहा टाक" म्हणायचा, माझ्या प्रयोगशाळेची टिंगल करायचा. वाजवताना दर वेळी आवाज धरणारं थोडं ऑक्साइड झडतं, म्हणून आम्ही त्या फक्त त्याच्या वाढदिवसाला आणि कोजागिरीला लावायचो.

चंद्रकळेपाशी हरणाबाई बसल्या होत्या. त्या आटपाडीकडच्या, घोंगडीच्या मागावर त्यांनीच ती विणली होती.

"लय घसरायचं बगा," त्या मला म्हणाल्या. "लोकर कशी धरून बसती, ह्ये आपलं सापावानी. आमचं मालक म्हनलं, आगं, रेडू इणतीस का लुगडं?"

बायका हसल्या. मीही हसले. मग खाली पाहिलं. सईने पायाशी एका पाटीत कॅसेटींची रिकामी खोकी मांडली होती. वरच्या तिन्हींच्या लेबलांवर फक्त आकडे होते, पेन्सिलीने घातलेले. एक, दोन, तीन. अक्षर माझं होतं.

माझे कान बंद झाले. माणसं तोंडं हलवताना दिसत होती.

"सई, या कुठून आल्या?"

"पदराला फीत कमी पडली वहिनी. आईने निवडून दिल्या. मोडक्या होत्या ना?"

"मोडक्याच," आई म्हणाल्या. "मागचे इवलेसे तुकडे मोडलेले. धड होत्या त्या मी कपाटात जपून ठेवल्यात. का गं?"

ते तुकडे मीच मोडले होते. ते मोडले की कॅसेटवर चुकूनही दुसरं काही भरता येत नाही. कपाटात जपलेल्या धड कॅसेटी कोऱ्या होत्या.

मी हे सगळं एका दमात सांगितलं, वर्गात सांगते तसं. सईने तोंडावर हात ठेवला.  आई पुढे झाल्या, पदर उचलला आणि कानाला लावला. फीत कुरकुरली.

"ह्यात आहे तो?"

"पदरात आहे."

"मीच दिला गं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं दिला."

हरणाबाई उठून उभ्या राहिल्या. "आवं, रडू नगा. म्या कुटं कापलीया? वडत न्हेली न् वळीवली. उसवती की. आत्ता बसती उसवायला."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली. उसवली तर ऐकू येईल?"

त्या दालनात हे सांगू शकणारी मी एकटीच होते. फीत चुरगळली होती, पण लोहकण जागेवर होते.

"येईल," मी म्हणाले. "फाटका, थरथरत. पण येईल."

आईंचा चेहरा उजळला. सई पदराची कड शोधायला लागली. मला दिसलं, आम्ही तिघी ती फीत इंच इंच सरळ करत बसलो आहोत, या कोजागिरीला आणि पुढच्याही. आणि कऱ्हाडला आई विचारताहेत, काय ठरलं. मी सईचा हात धरला.

"उसवू नकोस."

"अगं, पण..." आई म्हणाल्या.

"राहू दे त्याला पदरात. आई, मी कोयनेला जातेय."