बासष्टाव्या वर्षी बरोबरी

"साहेब, तुम्ही जगणार किती?" ऑडिटरने विचारलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

ऑडिटर हा सहा नंबरच्या बराकीतला कैदी. एका बँकेचे हिशेब त्याने इतके देखणे लिहिले होते, की ते खोटे आहेत हे कळायला चार वर्षं गेली. समोर उभा होता तो त्या बराकीचा पहारेकरी, वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं तो एकच दार उघडत-लावत होता. तेवढ्या काळात कुलूप दोनदा बदललं, तो नाही.

आता वरून फतवा निघाला होता: बढती हवी तर गुन्हेगारी न्यायाची पदवी हवी. घरी बसून तीन वर्षांचा अभ्यासक्रम, अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. पहारेकऱ्याच्या ओळखीत आकडेमोडीला पक्का माणूस एकच होता आणि तो सुदैवाने कुठे जाणार नव्हता.

"फी नव्वद हजार," ऑडिटर म्हणाला. "पुस्तकं आणि परीक्षेच्या बिनपगारी रजा मिळून छत्तीस. एकूण एक लाख सव्वीस. बढतीनंतर पगार महिना दीड हजाराने वाढणार. नोकरी उरली नऊ वर्षं, त्यातली तीन शिकण्यात. सहा वर्षांत परत येतात एक लाख आठ."

"म्हणजे?"

"अठरा हजार खड्ड्यात."

शेजारी वाफा खुरपणाऱ्या खिसेकापूला राहवलं नाही. "साहेब, फी कशाला भरता? मी याच विषयात आहे. साडेचार वर्षांचा कोर्स, राहणं-जेवण फुकट."

"प्रवेश परीक्षा होती का रे?"

"तोंडी. पोलिसांनी घेतली. दोन दिवस."

ऑडिटर तिकडे लक्ष न देता पुढे म्हणाला, "पण पेन्शनही महिना साडेसातशेने वाढेल. साठाव्या वर्षी सुटलात, की दोन वर्षांत अठरा हजार वसूल. बासष्टाव्या वर्षी बरोबरी, पुढे सगळा नफा. म्हणून विचारलं, जगणार किती?"

"वडील एकसष्टाव्या वर्षी गेले."

ऑडिटरने पेन्सिल खोडरबराच्या बाजूने धरली. मग हळूच म्हणाला, "आकडे जरा इकडेतिकडे करून देऊ?"

"त्यासाठीच आत आहेस ना तू?"

तीनच्या मोजणीत एकशे बारा कैदी भरले. वहीत होते एकशे अकरा. पहारेकऱ्याने पुन्हा मोजले, पुन्हा एकशे बारा. एक कमी भरला तर सायरन वाजवायचा असतो. एक जास्त भरला तर काय वाजवायचं, हे नियमपुस्तकात नव्हतं. तुरुंगाधिकारी, वय अठ्ठावीस, नेमकी हीच पदवी घेतलेला, पानं उलटून घामाघूम झाला.

"कुणी आत घुसलं असेल का हो?"

"आपणहून कोण येतंय, साहेब?"

शेवटी तुरुंगाधिकारी मोजणी बघायला स्वतः मागे उभा राहिला. शेवटच्या रांगेच्या टोकाला पहारेकऱ्याचं बोट न थांबता पुढे गेलं आणि स्वतःच्या छातीला टेकलं. "एकशे बारा."

"अभिनंदन," खिसेकापू रांगेतून म्हणाला. "प्रवेश झाला."

कार्यालयात तुरुंगाधिकाऱ्याने अर्ज पाहिला. "या वयात कशाला? माझ्या हाती काय लागलंय, बघताय ना?"

"सव्वीस वर्षं माणसं आत घालून कुलूप लावतोय, साहेब. का, ते एकदा वाचून बघावं म्हटलं."

तुरुंगाधिकाऱ्याने शिफारस लिहिली.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती.

"पालक वारले हो माझे."

"मग हयात असलेलं कुणी आणा. रिकामी जागा चालत नाही."

पाचला वीस मिनिटं होती. दोन गल्ल्या पलीकडे रुग्णालयात त्याची बायको चादरी धुण्याच्या विभागात कामाला होती. नव्वद हजार दोघांनी मिळून साठवलेले, तिच्या स्वयंपाकघरासाठी. ओटा इतका बुटका होता, की वीस वर्षं ती वाकूनच रांधत होती. सकाळी ती एवढंच म्हणाली होती, "पदवीधर बघून कुलूप काय नमस्कार घालणार आहे?"

तिने अर्जामागचा हिशेब वाचला. "कुणी केला?"

"ऑडिटरने."

"म्हणजे खोटा."

"नाही गं. खरा कर म्हणून बजावलं होतं."

"आणि माझा ओटा?"

"बढती मिळाली की लगेच."

"तोवर मीच ओट्याएवढी होईन." तिने हात पुसले. "कुठे करायची सही?"

तिने सही केली. नात्यापुढे लिहिलं: पत्नी. खाली छापलं होतं, 'पाल्याच्या अभ्यासाची व वर्तणुकीची हमी मी घेते.' ते तिने दोनदा वाचलं आणि मग तिथेही सही केली.

"पळा आता. आणि बघून पळा, पडाल."

तो पळाला. तुरुंगाच्या गणवेशातला माणूस धावताना दिसला, की लोकांना वाटतं कुणीतरी निसटलंय. व्हरांड्यातली माणसं भराभर भिंतीला चिकटली आणि त्याला वाट झाली. ती दारात आली. चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते हनुवटीखाली धरून, तो वळणाआड होईपर्यंत उभी राहिली.