दोन खण उरलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. पण माझ्यात कधी कुणी कपडे ठेवले नाहीत की भांडी. माझ्यात शब्द ठेवत. सुदानमधल्या खार्टूमच्या एका विद्यापीठात चीन, जपान आणि कोरिया यांचा इतिहास, राजकारण आणि भाषा शिकवणारे एक केंद्र होते. तिथे माझा जन्म सार्थकी लागला, आणि तिथेच त्याची राखही झाली.

शेजारच्या ओमदुरमान शहरातल्या एका सुताराने मला महोगनीच्या लाकडातून घडवले. अठ्ठेचाळीस खण आणि प्रत्येकाला पितळेची कडी. मला करवून घेतले ते डॉक्टर सिताना बाबिकर यांनी. बाई नुकत्याच बीजिंगहून शिकून परतल्या होत्या. चिनी भाषेचा कोश आपल्या लोकांच्या बोलीत करायचा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. एका कार्डावर एकच शब्द. पहिल्या ओळीत चिनी अक्षरे, दुसऱ्या ओळीत पुस्तकी अरबी अर्थ आणि तिसऱ्या ओळीत सुदानच्या खेड्यापाड्यांत बोलला जाणारा शब्द.

तिसऱ्या ओळीपाशी बाई अडत. त्या शहरात वाढलेल्या. ती ओळ झरूगकाका भरून देत. काका केंद्राचे शिपाई, नाईलकाठच्या नावाड्यांच्या घरातले. बाई विचारत, पुरात नदी रंग बदलते त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? काका चहाचा ट्रे माझ्यावर टेकवत, थोडा विचार करत आणि शब्द सांगत. एकदा त्यांनी वल्ह्याच्या मुठीसाठी तीन शब्द सांगितले. तिन्ही लिहून होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. तिकडे वर्गात चहा गार झाला.

तेलविहिरींच्या कामांवर चिनी लोक येऊ लागले, तेव्हा माझे दिवस पालटले. दुभाष्याची नोकरी मिळावी म्हणून मुलेमुली केंद्रात दाटी करत. दिवसभर माझे खण उघडत, मिटत. परदेशी प्राध्यापक माझे फोटो काढत. मग संगणक आले, पाठोपाठ प्रत्येकाच्या हातात फोन आला. मला खोलीतून काढून बोळात उभे केले. माझ्या डोक्यावर एक मोडका पंखा आला. नवे संचालक मला अडगळ म्हणत. बाई बोळात खुर्ची टाकून कार्डे लिहीत राहिल्या.

मग युद्ध आले. रमजान संपत आला होता. एका शनिवारी सकाळी गोळीबार सुरू झाला आणि सगळे रस्ते बंद झाले. बाई आणि काका इमारतीतच अडकले. भिंती जाड म्हणून आसपासची कुटुंबे आमच्या बोळात येऊन राहिली. सगळी मिळून एकोणीस माणसे. आधी वीज गेली, मग नळ आटले, मग गॅस संपला. काका जीव मुठीत धरून नदीवरून पाणी आणत. ते उकळल्याशिवाय पिण्यासारखे नव्हते. आधी खुर्च्या जळाल्या, मग वर्गातले लाकडी फळे. नंतर माझी पाळी आली. काकांनी माझा एकेक खण ओढला, कार्डे पिठाच्या पोत्यांत ओतली आणि खण फोडून चुलीत घातला. शेहेचाळीस खण तसे गेले. खालचे दोन फुगून अडकले होते आणि माझा जाड सांगाडा कुऱ्हाडीशिवाय फुटत नव्हता, म्हणून तेवढे वाचले.

लाकूड संपले त्या दिवशी तसाबीह नावाच्या मुलीला जुलाब लागले होते. तिच्या आईने रिकामे पातेले बाईंपुढे ठेवले.

बाई म्हणाल्या, "काका, आता पोती सोडा."

"वरच्या मजल्यावर दारं आहेत, बाई. ती काढतो."

"वर गोळ्या येतायत. पोती सोडा."

"तीस वर्षं गेलीत यात तुमची."

"ती चार वर्षांची आहे, काका."

काकांनी पोते सोडले. बाई चुलीपाशी बसल्या आणि कार्डे निवडू लागल्या. जे शब्द कुठल्याही छापील कोशात मिळतील ते आधी आगीत. काकांनी सांगितलेले बाजूला. अकरा दिवस त्यांनी हेच केले. शेवटी एकच पोते उरले. मुलगी वाचली.

बाराव्या दिवशी सकाळी काका डबे घेऊन नदीवर गेले. दुपारी बोळातल्या दोघांनी त्यांना चादरीत घालून आणले. कब्रस्तानाची वाट बंद होती, म्हणून अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांना पुरले. बाईंनी स्वतः माती लोटली. दोन दिवसांनी वाट मोकळी झाली आणि सगळे निघाले. बाईंच्या खांद्यावर ते पोते होते. मागे बोळात मी एकटे उरले.

बाई दोन वर्षांनी परतल्या. खांद्यावर काही नव्हते. पुढच्याच आठवड्यात काकांची बायको बतूल कबर पाहायला आली. सत्तरीची म्हातारी, काठी टेकत आलेली. अंगणात बराच वेळ बसून दोघी बोळात आल्या, तेव्हा मला पोत्याचे कळले. नाक्यावरच्या बंदूकवाल्यांनी चिनी अक्षरे पाहिली आणि हा गुप्त निरोप आहे असे ठरवले. बाईंना उन्हात उभे करून त्यांच्यासमोर पोते पेटवून दिले.

बाई म्हणाल्या, "वरच्या दोन ओळी मी पुन्हा लिहीन, काकू. तिसरीचं काय करू?"

बतूल म्हणाली, "घरी सांगायचे, मी चिन्यांना नाव वल्हवायला शिकवतो. मला थापा वाटायच्या."

"थापा नव्हत्या."

"पण नावेतलं मला काही येत नाही गं. बाईमाणसाला नावेत कोण घेतंय? मला चुलीचं येतं, पिठाचं येतं. ते चालेल?"

बाईंनी कोरे कार्ड पुढे ओढले. "चालेल. पीठ आंबून वर बुडबुडे येतात, त्याला काय म्हणता?"

आता बतूल दर सोमवारी येते. तिला खोकला आहे, कानही मंद झाले आहेत. बाई एका बैठकीत वीस वीस कार्डे लिहून घेतात आणि माझ्या उरलेल्या दोन खणांत लावतात. नावेच्या शब्दांच्या कार्डांवर तिसरी ओळ कोरीच आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. लाकूड पुन्हा उगवते. तुमच्या घरात, वाडीवस्तीवर ज्यांच्या तोंडी जुने शब्द आहेत, त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. विचारा, आणि ते समोर आहेत तोवर लिहून घ्या.