पाच सेकंदांचं सोंग

मित्रांनो, मी एक जुना यूपीएस आहे. नावाला घाबरू नका, काम अगदी साधं आहे. वीज गेली की संगणकाला पंधरा मिनिटं धरून ठेवायचं, म्हणजे माणसाला हातातलं काम नीट आवरता येतं. पेडणे तालुक्यातल्या पार्से गावात, विनिताच्या टेबलाखाली, मी नऊ वर्षं बसून आहे. आपली गोष्ट सांगायला बसलेल्याने जरा फुशारकी मारावी, अशी रीत आहे. माझ्याकडे फुशारकीपेक्षा कबुलीच जास्त आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या पोटात जड बॅटरी बसवली, चार स्क्रू आवळले आणि पाठीवर ‘तपासले’ असा कागद चिकटवला. म्हापशाच्या दुकानातून विनिताने मला घरी आणलं, तेही बसमधून, मांडीवर घेऊन. शेजारची बाई म्हणाली, “बाळ जड दिसतं गो तुझं!”

विनिता संगणक कुठल्या वर्गात शिकली नाही. उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकली. तिचं टेबल म्हणजे एक बाजारच. तीन माऊस, त्यातला एक चालणारा. कीबोर्डच्या फटींत पावाचा चुरा. काजूच्या बरणीत स्क्रू, बिस्किटांच्या डब्यात पेनड्राइव्ह आणि कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेल्या वायरींची एवढी मोठी गुंतवळ. कशाची वायर आहे ते तिलाही ठाऊक नसे, पण टाकवत नसे. गावातल्या लोकांचे अर्ज, दाखले, रुसलेले फोन, सगळं त्या टेबलावर येई. आणि कोणी अर्ज भरायला बसलं की ती पायाने मला हळूच ढोसून म्हणे, “आमचो काळो आसा. वीज गेली तरी काम अर्धं राहायचं नाही.”

काळो म्हणजे मी. मित्रांनो, कौतुक वाईट नसतं. पण ते ऐकायची सवय वाईट.

चार-पाच वर्षांनी माझी बॅटरी थकली. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, बॅटऱ्या थकतातच. पण घरामागच्या छपरीत एक जुना मॉनिटर पडला होता आणि त्यात कोंबडी अंडी घालत असे. तो मला टेबलाखालून दिसायचा. आपलं खरं कळलं तर आपणही त्याच्या शेजारी जाऊ, असं मी धरून बसलो. नुसती बॅटरी बदलतात आणि यूपीएस तोच राहतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नाही.

विनिता दर सोमवारी माझं तपासणीचं बटण दाबायची. ते दाबलं की पाच सेकंद मी भिंतीतली वीज सोडून स्वतःच्या ताकदीवर संगणक चालवायचो. मग हिरवा दिवा, म्हणजे ठीक. ते पाच सेकंद मी जीव मुठीत धरून काढायचो. सहावा सेकंद निभला नसता. पण हिरवा दिवा लागायचा आणि ती म्हणायची, “शाबास!”

खोटं लपवायला मला एकच अडचण होती, माझा भोंगा. तो माझ्या इच्छेवर नव्हता. बॅटरी थकल्यामुळे तो अधूनमधून चीं चीं करी. विनिताच्या सासूबाई सुशीलाबाई, ज्यांना ती मांय म्हणते, त्या वैतागल्या.

“ह्येचा तोंड आधी बंद कर गो! पाव घेवन पोदेर दारात येवन गेलो, माका आयकूक येवक नाय.”

“मांय, तो काहीतरी सांगतोय.”

“सांगतलो तो! माझ्या नातवांपेक्षा जास्त बोलता.”

विनिताने भोंग्याच्या भोकांवर चिकटपट्टीचे चार थर लावले. त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तरी तिला संशय होताच. दसऱ्याच्या आधी ती माझ्यासाठी नवी बॅटरी घेऊन आली. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मांयने कोयता, खोबरं किसायची आडोळी आणि विनिताचे स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले आणि हात पुढे केला.

“ती नवी वस्तूय आण. आधी पूजेक लागांदी.”

बॅटरीला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल बसलं. पूजेतलं अवजार त्या दिवशी उचलायचं नाही, अशी रीत. दसरा झाल्यावर विनिताने ती टेबलावरच्या फळीवर ठेवली, “उद्या बसवते” म्हणाली. मग तिच्यावर एक वायर आली, मग दुसरी, मग कोणाचा तरी बिघडलेला राउटर. सोमवारी मी पुन्हा हिरवा दिवा दाखवला आणि ‘उद्या’ आणखी लांब गेला.

जूनमध्ये शीतल आली. विनिताची भाची, डिचोलीजवळच्या सर्वणची. तिला नर्स व्हायचं होतं. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचपर्यंत. तिचा रहिवासी दाखला त्याच सकाळी हातात पडला होता. तीन बस बदलून ती पार्सेला पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

“सर्वणात कोणी नव्हतं अर्ज भरायला?” मांयने विचारलं.

“होतं. पण मावशीने भरलेला अर्ज परत येत नाही.”

अर्ज उघडायला शीतलच्या बाबांच्या, राजेशच्या, फोनवर एक आकडा, म्हणजे ओटीपी, येई. राजेश मुरगावच्या बंदरावर ट्रक घेऊन गेला होता. त्याने आकडा सांगितला, म्हणाला, “बरो भर हां,” आणि ट्रक घेऊन आत गेला. कागद एकेक चढले. चार चाळीसला फक्त ‘सादर करा’ हे बटण उरलं.

“एकदा वाचून घेऊ,” विनिता म्हणाली. “नाव दाखल्यावर आहे तसंच हवं.”

तेवढ्यात वीज गेली.

शीतल दचकली. विनिता हसली. “घाबरू नको गो. आमचो काळो आसा. पंधरा मिनिटं आहेत.”

मी संगणक आणि इंटरनेटचा राउटर, दोन्ही पाच सेकंद धरले. नेहमीचे पाच. त्या पाच सेकंदांत ते बटण दाबता आलं असतं, मित्रांनो. तिने दाबलं नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

पडदा काळा झाला.

मग फोनवरून धडपड सुरू झाली. पुन्हा आकडा हवा, आणि तो पुन्हा राजेशच्या फोनवर. राजेश फोन उचलेना. शीतल एकदा, दोनदा, अकरा वेळा फोन लावत राहिली. पाच वाजले. पाच बाराला त्याचा फोन आला. ट्रकांच्या आवाजात तो ओरडून विचारत होता, “गो शीतल, झालो मगो फॉर्म?”

शीतलने फोन मावशीच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी विनिताने मला बाहेर ओढलं, चिकटपट्टी खरवडली. फळीवरच्या वायरी उपसल्या तेव्हा कुंकू लागलेली बॅटरी सापडली. ती बघत बसली.

“बसवायची माझ्याकडूनच राहिली,” ती म्हणाली.

“तोंड बंद कर म्हणान मियाच सांगलंय,” मांय म्हणाली.

“बाबांचा फोन लागणार नाही हे मला कळायला हवं होतं,” शीतल म्हणाली. “चूक माझीच, मावशे.”

तिघींनी चूक आपापसांत वाटून घेतली. माझ्या वाट्याला कोणी कणभरही ठेवली नाही. वस्तूला कोण दोष देतो?

शीतलने ते वर्ष औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरण्यात घालवलं. पहाटेची कंपनीची बस. रविवारी तिचा फोन यायचा आणि विनिता तो स्पीकरवर ठेवायची. शीतल हसून सगळं सांगायची. विनिता फोन ठेवल्यावर बराच वेळ काहीच उघडायची नाही, नुसता माऊस फिरवत राहायची.

पुढच्या वर्षी अर्ज आठ दिवस आधी भरला. माझ्या पोटात आता चांगली बॅटरी आहे, भोंगा मोकळा आहे. विनिता आता बटण दाबत नाही, भिंतीतली पिनच काढते आणि घड्याळ लावून बसते. शीतल आली त्या दिवशी मी सकाळपासून तयार होतो. आज वीज जाईल आणि मी पंधराची वीस मिनिटं करून दाखवीन! पण त्या दिवशी वीज गेलीच नाही. भरपाई करायची वेळ आपण ठरवू शकत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

शीतलला प्रवेश मिळाला. वर्गात सगळ्यांत मोठी म्हणून मुली तिला ताई म्हणतात, असं ती परवा सांगत होती. मांय हसली. विनिताही हसली, पण जरा उशिरा.

मित्रांनो, घरातल्या वस्तूच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका. पिन काढून बघा. ती कुरकुरली तर तिच्या तोंडाला पट्टी लावण्याआधी दोन मिनिटं ऐका. आणि तुम्हाला कोणी विचारलं, “जमेल ना तुला?” आणि जमणार नसेल, तर तसं सांगा. शाबासकी बुडेल, बुडू द्या.

आणि शीतल, हे कधी तुझ्या हाती पडलं तर एवढंच वाच. चूक तुझी नव्हती, तुझ्या मावशीचीही नव्हती. मला माहीत होतं.