कोरडे हात

“मेन बंद नाही करायचा,” आई म्हणाली आणि बाबांच्या दिव्यासमोर मांडी घालून बसली. “उद्या दहावा झाला की काय ते करा. आज नाही.”

दिवा विजेचा होता. बाबा गेले त्याच खोलीत, पुढच्या खोलीत, आम्ही आधी तेलाचा लावला होता. पण जूनचा उकाडा, भेटायला येणाऱ्यांची गर्दी, कूलर बंद ठेवणं जमेना. आणि एका दुपारी कूलरच्या वाऱ्याने ज्योत गेली. बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती, ती त्या दुपारी रडली. “दहा दिवस दिवासुद्धा सांभाळता आला नाही मला,” म्हणत राहिली. मग विक्रांत, माझा भाऊ, देवास गेटच्या बाजारातून ज्योतीसारखा लुकलुकणारा हा दिवा घेऊन आला. जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दिवा, भोवती तांदळाचं पीठ. आईने त्याला हात जोडले आणि तिला झोप लागली.

आता गुजरातच्या किनाऱ्याला धडकलेलं चक्रीवादळ विरत विरत माळव्याकडे निघालं होतं. मोबाईल सकाळपासून इशारे देत होता. विक्रांत दहाव्याचं ठरवायला रामघाटावर गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. नानाखेड्याचं आमचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे. रस्ता दर काही वर्षांनी उंच होत गेला, घर तिथेच राहिलं. मोठा पाऊस आला की पाणी आधी पुढच्या खोलीत येतं.

“आई, अगं बोर्ड जमिनीवर आहे.”

“तर काय झालं? फालतू परेशान होऊ नको, अपू.”

हे वाक्य ती जन्मभर बाबांना ऐकवत आली होती.

बाबा पोस्टात कारकून होते. विजेबद्दल त्यांना ज्ञान असं काही नव्हतं, भीती होती. लहानपणी माधव नगरमध्ये त्यांचा एक मित्र आंघोळ करून ओल्या अंगाने कूलर सरकवायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की बाबा रबरी चपला घालायचे, पंच्याला हात पुसायचे, मधल्या बोळात मेन स्विचखाली लाकडी पाट ठेवायचे, त्यावर उभे राहायचे आणि खटका खाली ओढायचे. आईचा मिक्सर चालू असो, नाहीतर माझा अभ्यास. “पाणी आत आल्यावर मेनकडे जायचंच नाही,” ते म्हणायचे. “आधी. हात कोरडे, जमीन कोरडी.”

तो पाट आईच्या माहेरचा, पितळी फुल्या जडवलेला. धातू नको म्हणून बाबांनी एके दिवशी पकडीने सगळ्या फुल्या उपटल्या. “वीज काय फुल्या बघून येते का?” आईने विचारलं, आणि नंतर कित्येक दिवस ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलली. “अपू, तुझ्या बाबांना सांग, चहा ठेवलाय.” बाबा समोरच बसलेले असायचे.

गल्लीला मात्र त्याचा उपयोग झाला. आमचं घर अंधारलं की समोरच्या गच्चीवरून परमार भाभी ओरडायच्या, “काकासाब ने लाइट बंद कर दी! चलो, बड़ी-पापड़ उठाओ!” मग साऱ्या गच्च्यांवर वाळवणं उचलायची धावपळ. कित्येकदा पाऊस यायचाच नाही. मग भाभी विचारायच्या, “काकासाब, आपकी आंधी तो देवास से ही लौट गई?”

“लौट गई तो अच्छा है ना,” बाबा म्हणायचे आणि मेन पुन्हा वर करायचे.

संध्याकाळ व्हायच्या आत आभाळ मातकट झालं. पहिल्या झोताबरोबर पुढची खिडकी उघडली आणि पावसाचा सपकारा आत आला. मी धावत जाऊन खिडकी ओढली, कडी लावली. कोपरापर्यंत भिजले. खाली पाहिलं तर दाराच्या फटीतून आलेलं पाणी हळूहळू सरकत होतं, अजून दिव्यापासून लांब.

“निदान बोर्ड तरी वर ठेवू दे,” म्हणत मी वाकले.

“हात!”

एवढ्या मोठ्या आवाजात आई कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तिने माझं मनगट धरून मला मागे खेचलं.

“ओले आहेत तुझे हात. जन्मभर एकच गोष्ट सांगितली त्या माणसाने. एकच!”

तिने दिव्याकडे पाहिलं. मग मला सोडून ती स्वयंपाकघरात गेली.

निरांजन, तेल, आणि जुन्या कंदिलाची काच घेऊन ती परत आली. उंच तिवईवर निरांजन ठेवलं, वात तेलात बुडवली. मग निरांजन उचलून, कोरड्या बाजूने जाऊन, तिने ती वात त्या विजेच्या दिव्यासमोर धरली. पेटलेल्या ज्योतीवरून दुसरी लावताना धरतात तशी. क्षणभर धरली. मग काडी ओढून वात पेटवली, निरांजन तिवईवर ठेवून भोवती काच उभी केली, आणि म्हणाली, “आता चालेल.”

बोळ कोरडा होता. तिने बाबांच्या चपला घातल्या. पंच्याने एकेक बोट पुसलं. पाट ठेवून त्यावर चढली.

“वर की खाली?” तिने मला विचारलं. या घरात तिने कधी मेनला हात लावला नव्हता.

“खाली.”

खटका पडला. पंखे, फ्रीज, सगळ्यांचे आवाज एकदम थांबले. बाहेर वारा होता आणि आत काचेआड ज्योत होती.

तेवढ्यात समोरून परमार भाभींचा सवयीचा आवाज आला, “अरे, काकासाब ने लाइट बंद कर दी! चलो, उठाओ सब—”

आणि थांबला.

आई पाटावर तशीच उभी होती. मी तिला उतरवायला हात पुढे केला, तो ओला आहे हे आठवून मागे घेतला. थोड्या वेळाने परमार भाभींचा आवाज पुन्हा आला, या वेळी त्यांच्या खिडकीतून, हलका.

“काकीजी? आपने की?”

“हाँ,” आई म्हणाली. “तुम भी कर लो, भाभी. पानी आने से पहले. हाथ पोंछ के.”

समोरच्या घराचे दिवे गेले. आई पाटावरून उतरली नाही. बाबांच्या चपला तिला मोठ्या होत होत्या. टाचांमागे रबर उरलं होतं, आणि त्याच्या कडेने पाटावरच्या उपटलेल्या फुल्यांची भोकं दिसत होती.